काठी उद्या कुणाच्या दारात

"आधी थुका ते."

जागृती दचकली. तोंडात एक करवंद होतं, मुठीत आणखी पाच-सहा, आणि चिकाने ओठ एकमेकांना चिकटत होते. अशा वेळी माणसाला धड उत्तरही देता येत नाही. तिने नुसती मान वळवली.

करवंदीच्या जाळीच्या वरच्या अंगाला, ऐनाच्या झाडाच्या सावलीत एक तरुण उभा होता. खांद्यावर टॉवेल, हातात काठी, काठीच्या टोकाला पितळेचं घुंगरू.

"रान अजून उघडलं नाय," तो म्हणाला. "उघडायच्या आधी कुणी करवंद तोडायचं नाय, असा गावाचा नियम हाय. तुमाला कुणी सांगितला नसंल."

सांगितला नसेल! ज्या सभेत तो नियम ठरला, तिथे फळ्यावर खडूने तो जागृतीनेच लिहिला होता. पूर्वी बाजारात आधी पोचायचं म्हणून लोक कच्ची करवंदं ओरबाडून न्यायचे. पिकलेलं कुणाच्याच वाट्याला येत नसे. आता गाव एक दिवस ठरवायचं, आणि त्या सकाळी सगळी घरं एकदम रानात शिरायची.

"एकच खाल्लं," ती म्हणाली.

"आणि मुठीत?"

तिने मूठ उघडली. तळहात जांभळा झाला होता.

"ही काय, वाटंत पडलेली सापडली?"

खरं तर तिने तेव्हाच सांगायला हवं होतं, मी अमुक. पण तो रागावल्यासारखा दिसायची फार खटपट करत होता आणि ते त्याला जमत नव्हतं. ओठाचा एक कोपरा सारखा हलत होता... ते बघताना सांगायचं राहूनच गेलं.

"गिळलं मी," ती म्हणाली. "आता?"

"आता गावासमोर यायचं. तुमी पुढं चाला, मी मागून येतो. पळालात तर शिट्टी वाजवीन."

"शिट्टी कुठं आहे?"

त्याने खिसे चाचपले. सगळे चाचपले. मग तो म्हणाला, "तोंडानं वाजवीन."

जागृती 'पाणवठा' या संस्थेची प्रमुख होती. प्रमुख म्हणजे काय, तर कर्जतमध्ये पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्या, मोजके सहकारी, एक खोकणारी स्कूटर आणि कर्जत-खालापूरच्या डोंगरातल्या दहा-अकरा गावांची काळजी. काम सांगायला सोपं होतं. गावाने आपलं रान, आपला झरा, आपली चराई आपणच सांभाळायची. संस्थेने लागेल तेवढा हात द्यायचा आणि गाव चालू लागलं की हात काढून घ्यायचा. "आपली गरज संपली पाहिजे, तेच आपलं यश," असं ती नव्या कार्यकर्त्यांना सांगायची. हे वाक्य तिला फार आवडायचं. म्हणजे, बोलायला आवडायचं.

चौक गावाच्या पुढे, डोंगराच्या पोटाशी असलेली धायटेवाडी हे तिचं सर्वांत लाडकं गाव. डोंगराची ती बाजू गावाच्या सामूहिक हक्कात आली, तेव्हा रानाची राखण कोण करणार यावरून मोठं भांडण झालं होतं. शेवटी गावानेच तोड काढली. राखणीची एक काठी करायची. ती ज्या घराच्या दारात, त्या घराने दोन दिवस रानात फिरायचं आणि मग काठी पुढच्या दारात नेऊन टेकवायची. घुंगराची कल्पना बायकांची. काठी आल्याचं घरात कळायला हवं, आणि "मी झोपलो होतो" असं कुणाला म्हणता येऊ नये!

शाळेच्या ओसरीवर रान सांभाळणाऱ्या समितीची माणसं मिटिंगसाठी जमली होती. समितीच्या अध्यक्ष विमलबाई भाताच्या पेंढ्यासारख्या सडसडीत, साठीच्या. दोघांना येताना पाहून त्या उठल्याच.

"काय रं मिलिंद, कुणाला धरून आणलंस?"

"बंद रानात करवंदं तोडत होत्या."

ओसरीवर जो हशा उठला, तो थांबेचना.

"अरं, ह्या आपल्या जागृतीताई! पाणवठ्याच्या! मिटिंग कुणी बोलावली रं आज?"

मिलिंदचे कान लाल झाले. तो सहा-सात वर्षं तळोज्याला कंपनीत होता. दिवाळीत गावी परतला आणि चौकला हायवेवर दुचाकीचं गॅरेज टाकलं. जागृतीचं नाव त्याने ऐकलं होतं, चेहरा पाहिला नव्हता. तो खाली बघत राहिला. पण मग हळू, तरी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पण... तोडली ती तोडलीच ना."

हशा थांबला. इतकी वर्षं प्रत्येक गावात जागृती एकच वाक्य ऐकत आली होती, "ताई म्हणतील तसं." आज पहिल्यांदा कुणीतरी तिला म्हणालं होतं की नियम ताईंचा नाही, गावाचा आहे.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "दंड सांगा."

"दंड म्हंजे एक दिवस राखण, धरणाऱ्याच्या संगट," विमलबाई संकोचून म्हणाल्या. "उद्याचा दिवस ह्याचाच हाय. पण ताई, तुमाला कसं..."

"जसं सगळ्यांना, तसंच मला."

या क्षणीच तिला कळायला हवं होतं की धायटेवाडीला आता संस्थेची गरज उरली नाही. कळलंही असेल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा डोंगर चढत होती आणि पुढे घुंगरू वाजत होतं. माणसाला जे कळतं, ते त्याला लगेच ऐकायचं असतंच असं नाही.

"तुमी खरंच येताल असं वाटलं नव्हतं," मिलिंद म्हणाला.

"मी नियम मोडते, पण दंड बुडवत नाही."

"चांगलं हाय. मला बायकोपण अशीच..." तो एकदम थांबला. "म्हंजे, आई म्हणते, अशी बघू."

"करवंदं चोरणारी?"

"दंड भरणारी."

ती हसली, आणि हसू लपवायला उगाच एका कुड्याचं पान उलटून बघू लागली.

उन्हं वर आली तेव्हा ते झऱ्यापाशी पोचले. दगडाच्या खोबणीतून पाणी बारीक, पण न थांबता येत होतं. मिलिंदने पळसाचं पान दुमडून द्रोण केला, पाणी भरलं आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. द्रोण थोडा गळत होता. त्याच्या बोटांवरून थेंब तिच्या मनगटावर पडत होते... दोघांपैकी कुणीच हात मागे घेतला नाही.

"मी लहान होतो तेव्हा हा झरा होळीलाच आटायचा," तो म्हणाला. "मग आई खालच्या नदीवरून हंडे आणायची, डोक्यावर दोन. तिची मान अजून दुखते. गेल्या उन्हाळ्यात तिचा फोन आला, म्हणाली, मिलिंद, झरा जिता हाय रं, मे महिना लागला तरी जिता हाय. मी बघायला म्हणून आलो. बघून गेलो, पण मन काय परत गेलं नाय. मग दिवाळीत मीच परत आलो."

"पाणी मुरवायचे चर गावाने खणले. मी नाही."

"असू दे. कुणाचं काम ते मला काल कळलं." त्याने मान वळवली. "आईच्या मानेतर्फे... आभार."

जागृतीला आभार कसे घ्यायचे ते कधीच कळत नसे. देणगीदार मानायचे, साहेब लोक मानायचे, तेव्हा ती "नाही हो, आमचं कसलं" म्हणून मोकळी व्हायची. पण एका मानेने मानलेल्या आभारांना काय म्हणायचं?

"तुमी फक्त घ्या," तो म्हणाला. "परत द्यायची गरज नाय."

तिने मान हलवली आणि द्रोणातलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं.

त्यानंतर स्कूटर बिघडू लागली.

म्हणजे ती आधीही बिघडतच होती, पण आता तिचा इलाज चौकलाच होऊ लागला. मिलिंद खाली बसून इंजिनाला कान लावायचा, गंभीर चेहऱ्याने पाना फिरवायचा आणि म्हणायचा, "आज एवढं केलंय. थोडं राहिलंय. पुढच्या आठवड्यात आणा, बघू." पुढच्या आठवड्यात आणखी थोडं राहायचं.

"ताई, कर्जतला गॅरेज नाहीत का?" ऑफिसमध्ये तिची सहकारी मेघा विचारायची.

"हा स्वस्तात करतो."

"इतका स्वस्तात, की संपतच नाही."

पावसाळा आला, भातं लागली. श्रावणात धायटेवाडीची वाट शेवाळाने निसरडी झाली. जागृती पावसाच्या सरी अंगावर घेत झऱ्याची धार मोजायला जायची, रोपं किती जगली ते बघायला जायची. समितीचा चिटणीस म्हणून मिलिंद बरोबर असायचा. तो समितीत कसा आला, हे वेगळं सांगायला नको. करवंदांच्या प्रकरणानंतर गावाने त्याला एकमताने निवडलं होतं.

"तिकडची जाळपट्टी अजून नीट नाय," तो म्हणायचा. आग पसरू नये म्हणून गवत काढून ठेवलेला तो पट्टा होता. पावसात आग कुठून लागणार, हे दोघंही विचारत नसत.

"मग एक फेरी अजून करावी लागेल," ती म्हणायची.

"करावीच लागंल."

गावात लहानापासून थोरापर्यंत सगळे तिला ताई म्हणायचे. मिलिंद मात्र नाही. सुरुवातीला तो 'मॅडम' म्हणाला, मग अडखळू लागला, मग काहीच म्हणेना. नुसतं "अहो" किंवा "ऐका ना". एकदा विमलबाई भाताच्या बांधावर बसून सगळ्यांदेखत म्हणाल्या, "सगळा गाव ताई म्हणतो गं, ह्यो एकटाच म्हणत नाय. जीभ जड झालीय का रं तुझी?" मिलिंद त्या दिवशी जेवायलाही थांबला नाही.

भात झोडून झालं, थंडी पडली. आणि एका सकाळी ऑफिसच्या जिन्यावर धाऊ येऊन बसला. धाऊ डोंगरापलीकडच्या ठाकरवाडीचा. वयाने म्हातारा, पण पाय अजून तरुण. पहाटे निघून तो चालत आला होता.

"ताई, गेल्या माघात म्हणालात, धायटेवाडीचं आटपलं की येतो. आटपलं नाय का अजून?"

जागृतीच्या हातात चहाचा कप होता. तो तिने खाली ठेवला.

"आमच्या बायका अजून कडा उतरून पाणी आणतात," धाऊ म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "घाई नाय. नुसतं विचारायला आलो. आटपलं का सांगा."

तो गेल्यावर ती बराच वेळ खिडकीशी उभी राहिली. माणसं मोजकी. त्यांतलं निम्मं बळ धायटेवाडीकडे. आणि धायटेवाडीचं आटपलं होतं. करवंदांच्या दिवशीच आटपलं होतं. आटपलं नव्हतं ते तिचं.

मेघा मागे येऊन उभी होती. तिने या वेळी काहीच चेष्टा केली नाही. एवढंच म्हणाली, "ताई, सभा कधीची कळवू?"

दुपारी जागृती चौकला गेली. हायवेवरून ट्रक जात होते, शेजारच्या धाब्यावर कांदा परतल्याचा वास सुटला होता. तिने मिलिंदला सगळं सांगितलं. धाऊचं, कड्याचं, बायकांचं.

"रविवारी सभा आहे. गावाने ठरवायचं, संस्था हवी का नको."

मिलिंद काळ्या फडक्याने हात पुसत राहिला. हात कधीच पुसून झाले होते.

"आणि नको म्हणलो तर?"

"तर मी डोंगरापलीकडे जाईन. इथे यायचं काम उरणार नाही."

"काम उरणार नाय..." तो पुटपुटला. मग स्कूटरपाशी जाऊन खाली बसला. पाना घेतला आणि तासभर मान वर न करता काम करत राहिला. ती बाकावर बसून त्याची पाठ बघत होती. उठला तेव्हा त्याने किल्ली तिच्या हातात दिली.

"झाली. पूर्ण झाली. आता परत आणायची गरज नाय."

स्कूटर पहिल्याच किकला सुरू झाली. कर्जतपर्यंत ती एकदाही खोकली नाही. जागृतीला वाटलं, थोडी खोकली असती तरी चाललं असतं.

रविवारी शाळेच्या अंगणात सगळं गाव जमलं. विमलबाईंनी प्रश्न मांडला. लोक एकमेकांकडे बघू लागले. "राहू द्या की अजून एक वर्ष," कुणी म्हणालं. "ताई असल्या की बरं वाटतं," दुसरं कुणी म्हणालं. जागृती पदर सावरून खाली बघत होती. एक वर्ष. तिला फक्त मान हलवायची होती. मनातून ती हललीही होती.

तेवढ्यात मिलिंद उभा राहिला.

"मागल्या आठवड्यात वरच्या माळाला आग लागली," तो म्हणाला. "आपण कुणाला फोन केला? कुणालाच नाय. काठीवाल्यानं घुंगरू वाजवलं, पंधरा-वीस माणसं धावली, आग जाळपट्टीशी थांबली. ह्यांना तर अजून ठाऊक पण नाय." त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. "मग संस्था कशाला पायजे? नको. पलीकडं बायका कडा उतरून पाणी आणतात. माझ्या आईची मान गेली तशी त्यांची जाऊ नये. ह्यांना तिकडं जाऊ द्या."

तो बसला. हात वर झाले, आधी थोडे, मग सगळे.

आग लागली होती, आणि तिला कळवायची गरज कुणाला वाटली नव्हती! जागृतीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते आनंदाचं किती आणि दुसऱ्या कशाचं किती, हे तिलाही सांगता आलं नसतं.

ती उभी राहिली. तिने भाषण तयार केलं होतं, ते आठवेना.

"मी तुम्हाला शिकवायला आले असं मला वाटायचं," ती म्हणाली. "तुम्ही मला झऱ्याचं पाणी दिलंत. भाकरी दिलीत. आणि चुकले तेव्हा दंड केलात. दंड आपल्याच माणसाला करतात... त्याबद्दल मी तुमची फार आभारी आहे."

चहा झाला. तिने अंगणभर नजर फिरवली. मिलिंद निघून गेला होता. गॅरेजवर कुणाची तरी गाडी खोळंबली होती म्हणे.

मग पलीकडच्या वाडीचं काम सुरू झालं. धाऊ तिला रोज नवी पाऊलवाट दाखवायचा आणि आपल्याच विनोदांवर हसायचा. काम चांगलं चाललं होतं. कड्यावर उभं राहिलं की खाली दूरवर धायटेवाडीची कौलं दिसत. ती बघायची नाही. म्हणजे, फार वेळ बघायची नाही.

फाल्गुनातल्या एका सकाळी कर्जतच्या घरात ती केस विंचरत होती. बाबा, वाल्मिक त्यांचं नाव, निवृत्त पोस्टमास्तर, दार उघडून पेपर घ्यायला गेले आणि तिथूनच म्हणाले, "जागृती, दारात कुणीतरी काठी विसरलंय."

ती तशीच धावली.

ऐनाची काठी. दाराच्या चौकटीला टेकवलेली. टोकाला पितळेचं घुंगरू.

समोर, गल्लीच्या वळणावर मोटारसायकल लावून मिलिंद उभा होता. जणू काठीशी त्याचा काही संबंधच नाही.

"विसरली नाय," तो जवळ येत म्हणाला. मग बाबांना पाहून हात जोडले. "जय भीम, काका."

"जय भीम, जय भीम," बाबा म्हणाले. त्यांनी काठीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, मुलीच्या अर्ध्या विंचरलेल्या केसांकडे पाहिलं, आणि "चहा ठेवतो" म्हणून आत गेले.

"काठी फक्त गावातल्या घराच्या दारात ठेवतात," जागृती म्हणाली.

"हो. विमलआत्यांनी बैठक घेतली. म्हणाल्या, संस्था गेली ती बरोबर गेली, पण ताई का जाव्यात? तर गावानं एक घर वाढवलंय. तुमचं. बारी आली की यायचं. सगळ्यांनी ठरवलं, मी एकट्यानं नाय."

"तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हणालो, काठी पोचवायला मी जातो."

"एवढंच?"

"एवढंच. तरी सगळे हसले."

ती काठीवरून बोटं फिरवत राहिली. "त्या दिवशी सभेत... तुम्हाला सोपं गेलं का हो ते बोलणं?"

"सोपं?" तो हसला, पण नीट नाही. "खोटं बोललो असतो तर तुमी राहिला असता. पण मग झऱ्याकडं बघताना दर वेळी तो कडा दिसला असता. तुमालापण, मलापण. स्कूटरला थोडंथोडं राखून ठेवलं तेवढं पुरे झालं."

"राखून ठेवत होता?"

"एका दिवसाचं काम होतं ते."

"मला माहीत होतं," जागृती म्हणाली. "जाळपट्टीपण नीटच होती."

दोघंही हसले. आतून चहाला आधण आल्याचा आवाज येत होता.

"एक अडचण हाय," मिलिंद जमिनीकडे बघत म्हणाला. "रानात एकट्यानं जायचं नाय, असा आता नियम झालाय. घरातलं एक माणूस संगट पायजे."

"बाबांचे गुडघे दुखतात."

"म्हणून म्हणलं... मी येतो. पण त्याला मी तुमच्या घरचा माणूस व्हायला लागंल." त्याचे कान पुन्हा त्या दिवशीसारखे लाल झाले होते. "म्हंजे, नियम हाय."

"हा नियम कधी झाला?"

"आत्ताच. मंजुरी बाकी हाय... जागृती."

त्याने पहिल्यांदाच तिचं नाव घेतलं होतं. तिने काठी उचलली. घुंगरू वाजलं.

"मंजूर," ती म्हणाली.

त्या दिवशी डोंगरावर करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या फुलांनी भरल्या होत्या. वाऱ्याबरोबर गोड वास येत होता. जागृतीने एका फांदीकडे हात नेला.

"ओ..." मागून आवाज आला.

"नुसता वास घेतेय!"

"तरी सांगून ठेवतो. रान उघडायला अजून वेळ हाय."

"थांबेन की," ती म्हणाली. "आता कुठं जायचंय?"

झऱ्यापाशी त्याने द्रोण केला. या वेळी तो गळला नाही, पण हात दोघांनीही तसेच ठेवले. दुसऱ्या दिवशीही दोघं गेले, कारण बारी दोन दिवसांची असते. संध्याकाळी खाली उतरून ते पुढच्या दारापाशी आले. पुढचं दार विमलबाईंचं होतं. जागृतीने काठी चौकटीला टेकवली. घुंगरू वाजलं तसा आतून विमलबाईंचा आवाज आला.

"कोण हाय गं दारात?"

जागृतीने मिलिंदकडे पाहिलं. ओसरीवरच्या उजेडात त्याच्या ओठाचा तोच कोपरा हलत होता.

"आम्ही," ती म्हणाली.